बोयांपलीकडे गेलेलं जाळं

मिंगश्याच्या आवाजाबद्दल नदीकाठच्या वाळुंजटोक गावात दुमत नव्हतं. ती काठावरच्या उंचवट्यावर उभी राहून हाक द्यायची, तेव्हा पार खालच्या टोकाला जाळं ओढणारा माणूससुद्धा हात थांबवायचा. पलीकडच्या रशियन काठावरची कुत्री त्या आवाजाला भुंकतात, असं गावातले लोक हौसेने सांगत. कुत्र्यांची गोष्ट बहुधा बनावट असावी, कारण नदी तिथे फार रुंद आहे. पण अशी गोष्ट दुसऱ्या कुणाबद्दल रचावीशी कुणाला वाटली नाही, यात सगळं आलं.

ती यौ घराण्यातली, नदीवर मासेमारी करून जगणाऱ्या हेजेन जमातीची. आई लवकर गेली तेव्हा धाकटा भाऊ हायशान नीट चालतही नव्हता. बाप दिवसभर पाण्यावर, मग पोराला बघणार कोण? मिंगश्याने त्याच्या कमरेला दोरी बांधली, दोरीचं दुसरं टोक स्वतःच्या कमरेला बांधलं आणि त्याला नावेतच वाढवला. पाण्यात पडला की ओढून वर घ्यायचा, दोन धपाटे द्यायचे, आणि मग स्वतःच रडत बसायचं. पुढे तिचं लग्न झालं ते शहरातल्या तेलगिरणीतल्या माणसाशी, ज्याला नावेत पाय ठेवला की मळमळतं. माणूस भला आहे. वसंतोत्सवाला घरी येतो, जेवतो, झोपतो, जातो. पोटी मूल नाही. त्यामुळे मिंगश्याच्या जिवाची सगळी ओढ हायशानकडेच राहिली. त्याच्या लग्नात बापाची नाव तिने त्याला देऊन टाकली, स्वतःच्या वाट्याची गोष्टही काढली नाही. त्याने इंजिन बिघडवलं तर दुरुस्त करून आणायची ही, त्याने भांडण उकरलं तर मिटवायची ही.

"अगं, त्याला मिशा फुटून जमाना झाला," असं कुणी म्हटलं की ती फणकारायची, "फुटू देत की! तुम्हाला का टोचतायत?"

शरद लागला, गवतावर दव पांढरं दिसायला लागलं, की दामाहा मासा समुद्रातून नदीत चढतो. वाळुंजटोकाचं सगळं वर्ष त्या थोड्या दिवसांवर चालतं. नदीच्या तळाशी जिथे खोडं नाहीत, खडक नाहीत, असा एक लांब तुकडा गावाच्या वाट्याला आहे. त्याला सगळे नुसतं पट्टा म्हणतात. वरच्या टोकाला एक नाव जाळं सोडते आणि इंजिन बंद करते. मग जाळं, नाव, माणसं सगळीच धारेबरोबर खाली वाहत जातात. खाली वाळलेल्या वाळुंजाचा एक खुंट आहे, तिथे पोचलं की जाळं उचलायचं आणि मग पुढची नाव सोडायची. पाळ्या चिठ्ठ्या टाकून ठरतात. पाळीवरून सख्खे भाऊ हातघाईवर येतात, म्हणून पट्ट्याला कारभारी लागतो. मिंगश्या ही पट्ट्याची पहिली कारभारीण. मला अकलेसाठी नाही, घशासाठी निवडलंय, असं ती स्वतःच सांगायची.

पट्ट्याचा एक जुना रिवाज आहे. वाहतं जाळं कापून जो परत येतो, त्याची पाळी हंगाम संपेपर्यंत सगळ्यांच्या शेवटी. नदी द्यायला आली आणि तू तिला दार लावलंस, असा त्यामागचा राग. त्यामुळे इथला माणूस जाळं कापत नाही. जाळं जिकडे जाईल तिकडे तो जातो. पूर्वी या हट्टाचं कौतुक होतं. पण नदीच्या मध्यावर हद्द दाखवणारे तरंगते बोये आले, बोयांच्या अलीकडचं पाणी आपलं आणि पलीकडचं त्यांचं असं ठरलं, तेव्हापासून हा हट्ट महागात पडायला लागला.

ही नदी कुणा एकाला सांभाळता येणार नाही, हे दोन्ही सरकारांना उशिरा का होईना उमगलं. मासा चढायच्या आधी दोन्हीकडचे अधिकारी एकत्र बसतात. एका वर्षी त्यांच्याकडे, एका वर्षी आपल्याकडे. जाळ्याची भोकं केवढी असावीत, नावा किती सोडाव्यात, मासेमारी कधी बंद ठेवावी, हे मिळून ठरवतात. जेवण झालं की फोटो काढतात. त्या ठरावातलं एक कलम मात्र पट्ट्यावरच्या माणसांच्या मानेवर बसलेलं होतं. एखादी नाव धारेने बोयांपलीकडे गेली, तर कारभाऱ्याने ताबडतोब वायरलेसवर पलीकडच्या चौकीला कळवायचं. कळवलं, तर पलीकडचे जहाजांना थांबवतात आणि नाव सुखरूप परत आणून देतात. फक्त त्या नावेचा परवाना जातो. कळवलं नाही आणि त्यांनीच पकडलं, तर माणसं अडकतात, नाव जप्त होते आणि हंगामभर अख्ख्या गावाचा पट्टा बंद.

आदल्या वर्षी मिंगश्याने असंच एकाला कळवलं होतं. तो म्हणजे शेजारचा तुंगकाका. म्हाताऱ्याचं जाळं बोयापलीकडे जेमतेम गेलं होतं, दुसरी कुणी असती तर मान फिरवून उभी राहिली असती. मिंगश्याने मान फिरवली नाही. "रेषा म्हणजे रेषा, काका," असं तिने सगळ्यांदेखत सुनावलं. तुंगकाकांचा परवाना गेला. त्यानंतर ते काठावर बसून इतरांची जाळी शिवायला लागले. त्यांच्या बायकोने मिंगश्याकडे खारवलेला मुळा पाठवणं बंद केलं. स्वतः काका मात्र काही बोलले नाहीत, आणि तेच मिंगश्याला जास्त टोचत होतं.

या वर्षी नदीचं पाणी कमी होतं. पाणी उतरलं की वळणाखाली धार पलीकडच्या काठाला ओढ घेते, आणि मोठी जहाजंही त्याच खोल पाण्यातून जातात. मिंगश्याने रोज सकाळी घसा फोडून सांगितलं होतं, "खुंटापर्यंत जाऊ नका रे! अलीकडेच उचला!" पण भरल्या जाळ्याने कोण अलीकडे उचलतो?

त्या सकाळी पहिली पाळी हायशानची होती. नावेत तो आणि त्याची बायको सुयुन. तो जाळं सोडायचा, ती वल्हं सांभाळायची.

"ताई, व्हिनेगर काढून ठेव," निघताना तो ओरडला. "पहिला मासा कच्चाच खाऊ!"

"आधी धर, मग मिटक्या मार!" मिंगश्या वरून म्हणाली. "आणि ए सुयुन, याचं ऐकू नकोस गं. लवकर उचला!"

सुयुन हसली. ती फार बोलणारी नव्हती.

धुकं खालच्या अंगाला पडलेलं होतं. वरचं पाणी स्वच्छ दिसत होतं, खालचं अर्धं पांढरं. मिंगश्याने दुर्बीण लावली. जाळ्याच्या टोकाला तांबड्या रंगाचा डबा तरंगत असतो, त्यावरून जाळं कुठवर गेलं ते कळतं. डबा छान चालला होता. मग वळण आलं आणि डब्याने हळूच तोंड फिरवलं. पहिल्या बोयाच्या अलीकडून गेला. दुसऱ्या बोयाशी आला, आणि बोयाच्या पलीकडून गेला. त्याच्या मागे नाव गेली. मग धुक्याने सगळं झाकून टाकलं.

दुर्बीण काठावर एकच होती, आणि ती मिंगश्याच्या हातात होती. म्हणजे पाहिलं ते तिने एकटीने.

गळ्यातल्या वायरलेसवर तिचा हात गेला. बटण अंगठ्याखाली होतं. दाबायचं आणि नावेचा नंबर सांगायचा, एवढंच काम. गेल्या वर्षी तिने ते मागेपुढे न पाहता केलं होतं. आता तिने मनात म्हटलं, जरा थांबू. हायशान काही खुळा नाही. डबा वळला हे त्यालाही दिसलं असेल. आत्ता इंजिन चालू करेल, जाळं ओढत अलीकडे येईल. धुक्यात कोण बघतंय?

ती कान देऊन उभी राहिली. हायशानचं इंजिन खोकत खोकत सुरू होतं, तो खोकला ती झोपेतही ओळखायची. खोकला ऐकू येईना.

पुढच्या नावेचा वू खालून ओरडला, "कारभारीण, सोडू का? झाला की नाही तुझा राजपुत्र?"

"थांब!" ती म्हणाली. "खुंटाला जाळं अडकलंय त्याचं. सोडवतोय."

हे तोंडातून कसं गेलं, तिचं तिलाच कळलं नाही. खुंट तिला दिसत नव्हता, कुणालाच दिसत नव्हता. पण मिंगश्या सांगते म्हटल्यावर वूने विडी पेटवली आणि तो नावेत पाय पसरून बसला. एकदा खोटं बोलल्यावर मागे फिरणं अवघड होऊन बसलं. आता वायरलेसवर बोलायचं, तर आधी वूला सांगावं लागणार की मघाशी मी थाप मारली.

हायशानचा परवाना गेला तर तो करणार काय? दुसरं काही येतंय कुठे त्याला? शहरात जाऊन गिरणीत पोती उचलणार? बापाची नाव काठावर उपडी पडणार. मग तिला गावाची आठवण झाली. पलीकडच्यांनी आपण होऊन पकडलं, तर पट्टा बंद. हे वू, त्याच्यामागच्या सगळ्या नावा, बायका, खारवण्यासाठी धुऊन ठेवलेले रांजण. सगळे तिच्या एका अंगठ्याकडे बघतायत आणि त्यांना ते माहीतच नाही. तरीही अंगठा हलेना. आत्ता येईल, ती म्हणत होती. आत्ता खोकेल. बघ, आत्ता.

आणि मग वरच्या अंगाने, वळणाच्याही वरून, भोंगा वाजला.

लाकडाने भरलेले पडाव ओढत नेणारी आगबोट होती ती. असल्या पडावांची माळ एकदा धारेला लागली की तिला कुणी ऐन वेळी थांबवू शकत नाही. आधी सांगून ठेवलं, तर वरच्या अंगालाच नांगर टाकते. सांगायचं काम कुणाचं होतं, ते मिंगश्याला कुणी शिकवायला नको होतं.

काठावर जाळं शिवत बसलेले तुंगकाका उठले. सुई जाळ्यातच खोचून ते चढण चढून वर आले. धाप लागली होती त्यांना.

"कळव," ते म्हणाले.

"काय कळवू?"

"पोरी, मला येड्यात काढू नकोस. माझं जाळं गेल्या साली कुठून गेलं ते मला माहितीय. पाणी तेव्हापेक्षा कमी आहे. खुंटाबिंटाला काही अडकलेलं नाही."

"तुम्हाला काय दिसतंय धुक्यात?"

"मला नाही दिसत. तुला दिसलंय. तुझ्या तोंडावर दिसतंय."

मिंगश्याचा तोल सुटला. दबक्या आवाजात, खाली ऐकू जाऊ नये म्हणून दात आवळून ती म्हणाली, "वर्षभर हीच वाट बघत होतात ना, काका? माझ्या भावाचा परवाना गेलेला बघायला?"

"होय, बघत होतो," म्हातारा म्हणाला. "खोटं कशाला बोलू? रोज लोकांची जाळी शिवताना हेच म्हणायचो, हिच्या घरचं एकदा जाऊ दे पलीकडे, मग बघू हिची रेषा. पण नावेत ती सुयुन आहे गं. आणि ते लाकडाचं धूड खाली येतंय."

भोंगा पुन्हा वाजला. आता जवळून.

मिंगश्याने बटण दाबलं. तोंड उघडलं. हायशानच्या नावेचा नंबर तिला पाठ होता, तो तिनेच स्वतःच्या हाताने रंगवला होता. पण शब्द फुटेना. ज्या घशासाठी गावाने तिला निवडलं, तो घसा मिटून गेला. बटणावरचा अंगठा सुटला.

तुंगकाकांनी तिच्या मुठीतून वायरलेस सोडवून घेतला. तिने धरून ठेवला नाही, आणि दिलाही नाही. वायरलेसची दोरी अजून तिच्या गळ्यातच होती, त्यामुळे म्हातारा तिच्या अगदी छातीशी वाकून बोलला. पलीकडच्या चौकीवर समार नावाचा माणूस असतो, तो नानाय जमातीचा. नानाय आणि हेजेन मुळात एकच माणसं, फक्त मध्ये बोये आले. काका त्याच्याशी जुन्या भाषेत बोलले, जी आता दोन्ही काठांवर म्हाताऱ्यांनाच येते. नावेचा नंबर सांगितला, वळण सांगितलं, माणसं दोन म्हणून सांगितलं.

पलीकडून खरखर आली. मग समारचा आवाज, "कळलं. थांबवतो." आणि मग रागाने, "इतका उशीर का?"



मग काही ऐकू येईना. वू विडी टाकून उठला होता. काहीतरी बिनसलंय हे आता सगळ्यांना कळलं होतं. बायका रांजण सोडून काठाशी आल्या. मिंगश्या उंचवट्यावर तशीच उभी होती. भोंगा वाजला, तोकडा, पुन्हा पुन्हा. साखळी सुटल्याचा खडखडाट पाण्यावरून आला. मग एक मोठा आवाज, लाकूड लाकडावर आपटल्यासारखा. एक बाई मटकन खाली बसली. मिंगश्याला वाटलं, संपलं. आपल्या हाताने संपवलं.

धुकं उठायला वेळ लागला. आधी पलीकडची झाडं दिसली, मग पडावांची माळ, नदीत आडवी होऊन थांबलेली. पुढचा पडाव मागच्याला लागला होता, तोच तो आवाज. आणि त्याच्या पुढ्यात, हाकेच्या अंतराहूनही जवळ, बापाची नाव. जाळं तिच्या इंजिनाच्या पंख्यात गुंडाळलेलं. नावेत दोन डोकी होती. मिंगश्याने ती मोजली, पुन्हा मोजली.

समारच्या करड्या बोटीने नाव ओढत बोयापर्यंत आणली. तिथे आपल्याकडच्या निरीक्षकाने ताब्यात घेऊन काठाला लावली. निरीक्षक तरुण होता, अवघडलेला होता. परवाना त्याने खिशात घातला आणि मिंगश्याला म्हणाला, "कळवलंत म्हणून बरं झालं, काकू. नाहीतर पट्टा बंद करावा लागला असता."

हायशान उडी मारून काठावर आला. कपडे ओले, तोंड पांढरं, पण राग टोकाला.

"कुणी कळवलं?"

त्याला तुंगकाकांच्या हातातला वायरलेस दिसला. मिंगश्याने त्याची दोरी केव्हाच गळ्यातून काढली होती.

"म्हाताऱ्या! घेतलास सूड? आणखी थोडं ओढलं असतं तर आलो असतो अलीकडे! भरलेलं जाळं होतं, भरलेलं!"

"घेतला म्हण," तुंगकाका म्हणाले आणि खाली बसले.

मिंगश्या तिथे नव्हती. ती सुयुनजवळ गेली होती. सुयुन नावेच्या कडेला बसली होती, कमरेपर्यंत भिजलेली, दातावर दात आपटत. मिंगश्याने आपला कापसाचा कोट तिच्या अंगावर टाकला, तिचे हात आपल्या हातांत घेऊन चोळायला लागली. तळव्यावर एक ताजी चीर होती.

"हे काय गं? कशाने कापलं?"

"सुरी होती हातात," सुयुन म्हणाली. "भोंगा ऐकला तेव्हाच मी सुरी काढली, ताई. म्हटलं कापते जाळं, लागू दे पाळी शेवटी. ह्यांनी हिसकावून घेतली, तेव्हा लागलं."

"हिसकावली?"

"म्हणाले, घाबरतेस कशाला? काठावर ताई आहे. ताई काही कळवत नाही आपलं. धुकं आहे तोवर आरामात ओढू." मग ती म्हणाली, "मला पण तेच वाटलं, ताई. म्हणून मी परत मागितली नाही."

मिंगश्याचे चोळणारे हात थांबले.

तेवढ्यात हायशान तिथे आला. काकांवरचा राग ओसरून त्याचा आवाज रडवेला झाला होता. तिच्या खांद्यावर हात ठेवून, लहानपणी बोलायचा तसं तो म्हणाला, "ताई, तू जिवाला लावून घेऊ नकोस. तुझ्यावर माझा काडीचा राग नाही. तू कळवलं नाहीस, हे मला माहिती आहे. तू कळवणारच नव्हतीस."

त्याने शिव्या दिल्या असत्या तर तिने ऐकून घेतल्या असत्या. एवढ्या मायेने बोललेलं तिला सोसेना. तिने त्याचा हात खांद्यावरून काढला, सुयुनला उठवलं आणि तिला धरून घराकडे चालायला लागली. मागून वूने विचारलं, "कारभारीण, पुढची पाळी सोडायची का?"

"काकांना विचार," ती न वळता म्हणाली. "आजपासून त्यांना विचार."

चढणीवर सुयुनच्या लक्षात आलं की नणंदेचं सगळं अंग हुंदक्यांनी हलतंय.

"रडता कशाला, ताई? वाचलो ना आम्ही."

मिंगश्याने तिला चढण संपेपर्यंत धरून नेलं. मग ती म्हणाली, "अगं, मी कळवणारी बहीण असते ना, तर त्याने जाळं कापलं असतं."